खुबा सैल का होतो? एका धुळीचा साठ वर्षांचा इतिहास

आजच्या एपिसोडमध्ये लढाई नाही, तह नाही, किल्लाही नाही. आजचा इतिहास आहे एका सुट्या भागाचा. हा भाग कदाचित तुमच्या आजीच्या किंवा शेजारच्या काकांच्या शरीरात आत्ता बसवलेला असेल: कृत्रिम खुबा.

"त्यांचा खुबा बदलला" हे वाक्य आता घरोघरी ऐकू येतं. काठी टेकत दवाखान्यात गेलेला माणूस महिन्या-दोन महिन्यांत जिना चढायला लागतो. २००७ साली 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय साप्ताहिकात या शस्त्रक्रियेला चक्क 'शतकातली शस्त्रक्रिया' म्हटलं गेलं. पण त्यातल्या काही जणांना दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा दुखायला लागतं. खुर्चीतून उठताना जांघेत किंवा मांडीत कळ येते, पहिली दोन-चार पावलं जड जातात. एक्स-रे काढला की डॉक्टर सांगतात, "सांधा सैल झालाय."

सैल झालाय म्हणजे नक्की काय झालं? धातूचा भाग तर जसाच्या तसा असतो. मोडलेला नाही, गंजलेला नाही. कधीकधी आत जंतुसंसर्ग असतो, म्हणून डॉक्टर आधी तो तपासतात. पण तोही नसेल तर? तर मग सांध्याभोवतालचं हाड मागे सरकलेलं असतं. हे हाड का मागे सरकतं, हे कळायला डॉक्टर आणि इंजिनिअर मंडळींना जवळपास तीस वर्षं लागली. त्या तीस वर्षांत त्यांनी दर वेळी कुणाला तरी आरोपी ठरवलं, आणि खरा आरोपी पुन्हा पुन्हा निसटत राहिला. ती गोष्ट आज ऐकू.

कुरकुरणारा खुबा

शाळेत 'उखळीचा सांधा' शिकलो होतो, आठवतंय? मांडीच्या हाडाचं वरचं टोक गोळ्यासारखं असतं आणि ते कमरेच्या हाडातल्या वाटीत फिरतं. तोच खुबा. संधिवाताने किंवा वयाने त्यातली गुळगुळीत कूर्चा झिजली की हाडावर हाड घासतं. रात्रीची झोपही लागत नाही, इतकं दुखतं.

सांधा बदलायची कल्पना जुनी आहे. १८९० च्या सुमारास बर्लिनमध्ये थेमिस्टोक्लेस ग्लुक यांनी हस्तिदंताचे सांधे बसवून पाहिले. १९३८ मध्ये लंडनच्या फिलिप वाइल्स यांनी स्टेनलेस स्टीलचा पूर्ण खुबा काही रुग्णांना बसवला. दुसऱ्या महायुद्धानंतर पॅरिसच्या ज्युडे बंधूंनी मांडीच्या हाडावर अ‍ॅक्रिलिक प्लॅस्टिकचा गोळा बसवायला सुरुवात केली. सुरुवातीला रुग्ण खूश असायचे. पुढे ते गोळे झिजायचे, तुटायचे, सैल व्हायचे.

असाच ज्युडे गोळा बसवलेला एक माणूस १९५० च्या दशकात इंग्लंडमधले सर्जन जॉन चार्नली यांच्याकडे आला. त्याची तक्रार वेगळीच होती. जेवायला बसताना तो पुढे वाकला की खुबा कुरकुरायचा. आवाज इतका असह्य की बायको उठून खोलीबाहेर जायची!

दुसऱ्या कुणी ही गोष्ट हसण्यावारी नेली असती. चार्नलींनी मात्र विचार केला की आवाज येतोय म्हणजे घर्षण आहे. गोळा वाटीत सरकताना चिकटतोय, आणि चिकटतोय म्हणजे प्रत्येक पावलाला तो हाडातल्या आपल्या पकडीला मुरगळतोय. मग पकड सुटणारच. त्यामुळे घर्षण कमी केलं की सांधा टिकेल, असं त्यांनी ठरवलं. डॉक्टरच्या डोक्यातला हा विचार अस्सल मेकॅनिकल इंजिनिअरचा होता.

टेफ्लॉनचे तीनशे रुग्ण

चार्नली काम करायचे ते लँकेशायरमधल्या राइटिंग्टन हॉस्पिटलमध्ये. विगन शहराजवळचं हे जुनं क्षयरोग रुग्णालय. तिथे त्यांनी स्वतःचं वर्कशॉप थाटलं. लेथ मशीन आणून घरीसुद्धा ते भाग घडवत बसायचे.

त्यांचे तीन निर्णय आजही टिकून आहेत. पहिला, गोळा छोटा करायचा. नैसर्गिक गोळा चाळीस-पन्नास मिलिमीटरचा असतो, चार्नलींचा झाला २२.२२५ मिलिमीटर, म्हणजे पाऊण इंचाहून थोडा मोठा. गोळा लहान, तर वाटीला मुरगळणारा जोरही कमी. दुसरा, भाग हाडात बसवायला अ‍ॅक्रिलिक सिमेंट वापरायचं, दातांच्या कामात वापरतात त्याच जातीचं. हे सिमेंट गोंद नाही, हे ते पुन्हा पुन्हा सांगायचे. फरशांच्या फटीत भरतो त्या ग्राउटसारखं ते हाडाच्या खाचाखोचांत शिरतं आणि भार सगळीकडे वाटून देतं. तिसरा निर्णय, धातूचा गोळा प्लॅस्टिकच्या वाटीत फिरवायचा.

प्लॅस्टिक कुठलं? त्या काळातलं सगळ्यात निसरडं, टेफ्लॉन. होय, आपल्या नॉनस्टिक तव्यावरचंच. शरीरात ते कशाशीच रासायनिक क्रिया करत नाही, म्हणून सुरक्षित मानलं गेलं. १९५८ पासून चार्नलींनी टेफ्लॉनच्या वाट्या बसवायला सुरुवात केली. निकाल जादूसारखे होते. वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेली माणसं चालायला लागली. १९६१ मध्ये चार्नलींनी 'लॅन्सेट'मध्ये लेख लिहून ही नवी शस्त्रक्रिया जगाला सांगितली.

आणि मग रुग्ण परत यायला लागले.

दोन-तीन वर्षांत धातूचा गोळा टेफ्लॉनच्या वाटीत खड्डा पाडत आत घुसत होता. त्याहून वाईट म्हणजे झिजलेल्या टेफ्लॉनच्या कणांभोवती शरीर गाठी तयार करत होतं. सांधा उघडला की आत पांढरट, चिजसारखा लगदा भरलेला असायचा आणि त्याने हाड पोखरलेलं असायचं. असे सांधे बसवलेले रुग्ण होते तीनशेच्या आसपास. यातला प्रत्येक जण चार्नलींवर विश्वास टाकून टेबलावर झोपला होता. आता त्यांचे खुबे उघडून टेफ्लॉन काढायचं होतं.

चार्नलींनी पुढे जे केलं ते ऐकून अंगावर काटा येतो. त्यांनी टेफ्लॉनचा बारीक चुरा स्वतःच्या मांडीत टोचून घेतला आणि काही महिने वाट पाहिली. चुऱ्याच्या जागी हाताला लागतील अशा गाठी आल्या. १९६३ मध्ये त्यांनी हा निष्कर्ष 'लॅन्सेट'ला कळवला. त्याचं सार असं की टेफ्लॉनचा अख्खा तुकडा शरीराला चालतो, पण त्याची धूळ चालत नाही.

हे वाक्य लक्षात ठेवा. आरोपीचं नाव १९६३ मध्येच उच्चारलं गेलं होतं. ते पूर्ण ऐकू यायला मात्र अजून बरीच वर्षं जायची होती.

मागावरचं प्लॅस्टिक

टेफ्लॉन गेलं. आता पुढे काय? मे १९६२ मध्ये राइटिंग्टनच्या वर्कशॉपमध्ये एक विक्रेता नव्या प्लॅस्टिकचा तुकडा घेऊन आला. जर्मनीत बनलेलं हे जास्त घनतेचं पॉलिइथिलीन लँकेशायरच्या कापड गिरण्यांत मागाच्या दातेरी चाकांसाठी वापरलं जात होतं. वर्कशॉप सांभाळणारा हॅरी क्रेव्हन नावाचा तंत्रज्ञ तो तुकडा चार्नलींकडे घेऊन गेला. चार्नलींनी त्यावर अंगठ्याचं नख रुतवून पाहिलं आणि 'वेळ वाया घालवतोयस' अशा अर्थाचं काहीतरी बोलून ते निघून गेले.

क्रेव्हनने ऐकलं नाही. त्याच्याकडे झीज मोजायचं यंत्र होतं. प्लॅस्टिकच्या तुकड्यावर धातू रात्रंदिवस घासत ठेवायचा आणि किती खोल खड्डा पडला ते मोजायचं, एवढंच त्याचं काम. चार्नली कामासाठी कोपनहेगनला गेले होते, तेवढ्यात क्रेव्हनने पॉलिइथिलीन यंत्रावर चढवून दिलं. ते तीन आठवडे चाललं. एवढ्या काळात पडलेली झीज टेफ्लॉनच्या एका दिवसाच्या झिजेपेक्षाही कमी होती. परत आल्यावर चार्नलींनी आकडा पाहिला आणि आपलं मत लगेच बदललं. नोव्हेंबर १९६२ मध्ये पॉलिइथिलीनची पहिली वाटी माणसाच्या शरीरात बसली.

मला या गोष्टीत क्रेव्हन फार आवडतो. सिनियरचं मत एका बाजूला आणि टेस्टचा निकाल दुसऱ्या बाजूला असेल तर टेस्ट चालू द्यायची, हे त्याने साठ वर्षांपूर्वी करून दाखवलं. आमच्या ऑफिसमध्ये त्याचा फोटो लावायला हरकत नाही!

पण चार्नलींना टेफ्लॉनचा चटका बसला होता. यावेळी त्यांनी घाई केली नाही. बराच काळ त्यांचा सांधा बाजारात खुला विकलाच गेला नाही. ज्या सर्जनांनी राइटिंग्टनला येऊन तंत्र शिकून घेतलं, त्यांनाच तो मिळायचा. शिवाय आपल्या रुग्णांना त्यांनी विनंती केली की तुम्ही गेल्यावर तुमचा खुबा आम्हाला परत द्या. वीस वर्षं वापरलेला भाग हातात आल्याशिवाय तो कसा झिजतो ते कळणार कसं? अनेकांनी होकार दिला. आम्ही प्रॉडक्शनचे लॉग वाचतो ना, तसे चार्नली ते परत आलेले सांधे वाचत होते.

'सिमेंटचा आजार'

१९७० च्या दशकात ही शस्त्रक्रिया जगभर पसरली. पहिले रुग्ण साठी-सत्तरीचे होते, पुढे चाळिशीतले लोकही यायला लागले. तरुण माणूस जास्त चालतो आणि जास्त वर्षं जगतो. मग काही एक्स-रेंमध्ये विचित्र चित्र दिसायला लागलं. मांडीच्या हाडात सांध्याच्या दांड्याभोवती काळे गोलाकार डाग, म्हणजे हाड गायब झाल्याच्या जागा. बघणाऱ्याला वाटावं की कॅन्सरच आहे.

१९७६ मध्ये बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलचे विल्यम हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रुग्णांवर लेख लिहिला. तपासणीत कॅन्सर निघाला नाही, जंतू निघाले नाहीत. निघाल्या त्या मॅक्रोफेज पेशी, म्हणजे शरीरातली सफाई कामगार मंडळी. त्या हाड गेलेल्या जागी गर्दी करून बसल्या होत्या. त्याच सुमारास जर्मनीत हान्स-गेऑर्ग विलर्ट यांनीही मांडलं की सांध्यातून झिजून सुटलेले कण जमा होतात आणि शरीर त्यांच्यावर प्रतिक्रिया देतं.

पण कण कशाचे? त्या पेशींच्या आसपास सिमेंटही सापडत होतं, म्हणून संशय सिमेंटवर गेला. याला नावही पडलं, 'सिमेंटचा आजार'. उपाय सोपा वाटत होता: सिमेंटच काढून टाका! १९८० च्या दशकात खडबडीत, सच्छिद्र पृष्ठभागाचे सांधे आले. हाड त्यांच्या छिद्रांत स्वतःच वाढून त्यांना पकडून ठेवतं. कल्पना उत्तम होती आणि आजही ती वापरात आहे. पण काही वर्षांनी सिमेंटचा कणही नसलेल्या या सांध्यांभोवतीसुद्धा तेच काळे डाग दिसायला लागले.

म्हणजे सिमेंटवर उगाच आळ आला होता. दोन्ही प्रकारांत समान होती ती एकच गोष्ट, पॉलिइथिलीनची वाटी.

आता यंत्रणा समजून घेऊ. वाटी वर्षाला साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटर झिजायची. ऐकायला काहीच नाही. पण एक पाय वर्षाला सरासरी दहा लाख पावलं टाकतो, आणि एका पावलात सुटणाऱ्या कणांचा अंदाज लाखांच्या घरात जातो. बहुतेक कण एका मायक्रॉनपेक्षा लहान, केसाच्या जाडीच्या सत्तराव्या भागाहूनही बारीक. मॅक्रोफेज त्यांना गिळतात, पण प्लॅस्टिक पचत नाही. मग त्या चिडून रासायनिक संदेश सोडत राहतात. त्या संदेशांनी ऑस्टिओक्लास्ट, म्हणजे हाड विरघळवणाऱ्या पेशी जाग्या होतात. या पेशींचं रोजचं काम जुनं हाड काढणं, म्हणजे नवं हाड बांधता येईल. पण इथे काढणं चालूच राहतं आणि बांधणं मागे पडतं. हळूहळू सांध्याभोवती पोकळी होते. पुढे एक दिवस धड असलेला सांधा धड नसलेल्या हाडात हलायला लागतो.

त्यालाच आपण 'सैल झाला' म्हणतो. जमीन खालून वाळवीने खाल्ली आणि वर खांब शाबूत उभा, अशी ही गत. सर चार्नली १९८२ मध्ये वारले. पॉलिइथिलीनची धूळ नेमकं काय करते याचं पूर्ण चित्र त्यानंतर स्पष्ट झालं.

त्यात आणखी एक मेख निघाली. वाट्या निर्जंतुक करायला त्यांच्यावर गॅमा किरण सोडायचे, तेही हवेत. त्यामुळे प्लॅस्टिकमध्ये ऑक्सिजन शिरायचा आणि खोक्यात पडल्या पडल्या ते ठिसूळ व्हायचं. किरणांचा हाच मारा जास्त मात्रेत, आणि उष्णता देऊन नीट केला तर मात्र उलटं होतं. प्लॅस्टिकच्या लांबलचक साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात आणि ते कठीण होतं. १९९० च्या दशकाच्या शेवटी हे 'क्रॉसलिंक्ड' पॉलिइथिलीन बाजारात आलं. ते घडवणाऱ्यांमध्ये तेच विल्यम हॅरिस होते, ज्यांनी १९७६ मध्ये काळे डाग पाहिले होते. या वाटीने झीज खूपच खाली आणली आणि हाड पोखरलं जाण्याचे प्रकारही विरळ झाले.

धातूवर धातू

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण प्लॅस्टिकची भीती मनात बसली होती. मग विचार आला की प्लॅस्टिकच नको, गोळाही धातूचा आणि वाटीही धातूची. झीज आणखी कमी, आणि गोळा मोठा ठेवता येत असल्याने निखळायची भीती कमी. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डेप्यू कंपनीचा 'एएसआर' सांधा २००३ पासून याच विचाराने विकला गेला.

धातूची धूळ प्लॅस्टिकपेक्षाही बारीक निघाली. कोबाल्ट आणि क्रोमियमचे कण सांध्याभोवतालच्या स्नायूंची नासाडी करत होते, रक्तातही उतरत होते. एएसआरची वाटी उथळ होती, त्यामुळे गोळा तिच्या काठावर घासण्याची शक्यता जास्त. ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने हा सांधा जगभरातून परत मागवला. तोवर सुमारे ९३,००० एएसआर बसवून झाले होते.

हे पकडलं कुणी? कुठल्या एका हुशार डॉक्टरने नाही, तर नोंदवहीने. स्वीडनने १९७९ मध्येच देशभरातल्या प्रत्येक कृत्रिम खुब्याची नोंद ठेवायला सुरुवात केली होती: कुणाला, कुठला सांधा, कधी बसवला आणि पुन्हा उघडावा लागला का. नॉर्वेने १९८७ मध्ये तेच केलं, आणि १९९० च्या दशकात 'बोनलॉक' नावाचं नवं सिमेंट लवकर सैल होतंय हे त्या नोंदवहीनेच काही वर्षांत दाखवून दिलं. ऑस्ट्रेलियाची नोंदवही १९९९ ची. एएसआर जास्त प्रमाणात बदलावा लागतोय हे तिथे आधी दिसलं आणि २००९ च्या अखेरीस तो तिथल्या बाजारातून गेला. पुढे इंग्लंड-वेल्सच्या नोंदवहीतून आकडा आला: पाच वर्षांत दर १०० पैकी १२-१३ सांधे पुन्हा उघडावे लागत होते.

आणि आपल्याकडे? भारतात सुमारे ४,७०० एएसआर बसवले गेले. मुंबईसह अनेक शहरांतले रुग्ण वर्षानुवर्षं भरपाईसाठी झगडले. शेवटी केंद्राने तज्ज्ञांची समिती नेमली आणि २०१८ मध्ये ३० लाखांपासून सुमारे १ कोटी २३ लाखांपर्यंत भरपाईचं सूत्र ठरलं. पण त्या समितीसमोर आलेला एक आकडा मला जास्त बोचतो. त्या ४,७०० पैकी जेमतेम हजारभर रुग्णांचा पत्ता लागला. बाकीचे कुठे आहेत, कोणत्या गावात आहेत, त्यांना खुर्चीतून उठताना कळ येते का, याची नोंदच कुठे नव्हती. आपल्याकडे सर्जनांच्या संघटनेची नोंदवही आहे, पण तीत माहिती भरणं ऐच्छिक आहे.

मोजणाऱ्यांचं देणं

मागे वळून बघितलं तर या इतिहासात मूर्ख कुणीच नाही. टेफ्लॉन खरंच निसरडं होतं, बिनसिमेंटचा सांधा खरंच हुशारीचा होता, धातूची वाटी खरंच टिकाऊ होती. प्रत्येक वेळी पहिल्या वर्षाचा निकाल सुंदर आला. पण खुब्याचा खरा निकाल पहिल्या वर्षी लागतच नाही, तो पंधराव्या वर्षी लागतो. तोवर रुग्ण गाव बदलतो, डॉक्टर निवृत्त होतो आणि फाइल रद्दीत जाते. त्यामुळे पंधराव्या वर्षापर्यंत जे मोजत राहिले, त्यांच्यामुळेच पुढच्या माणसाचा खुबा सुधारला. २०१९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या एका अभ्यासानुसार आता दर १०० पैकी साधारण ५८ खुबे २५ वर्षं टिकतात. हा दिलासा देणारा आकडासुद्धा राष्ट्रीय नोंदवह्यांमधूनच आला.

मी डॉक्टर नाही, त्यामुळे सल्ला एकच देतो, आणि तो कागदाचा आहे. घरात कुणाचा खुबा किंवा गुडघा बदलला असेल तर दवाखान्याची फाइल काढा. कृत्रिम सांध्याच्या खोक्यावर छोटे स्टिकर असतात. त्यावर कंपनी, मॉडेल, साइज आणि लॉट नंबर लिहिलेला असतो. ते फाइलमध्ये चिकटवलेले असतील तर त्यांचा फोटो काढून फोनमध्ये ठेवा, आणि नसतील तर दवाखान्यातून मागून घ्या. शस्त्रक्रियेनंतर अनेक वर्षांनी नवं दुखणं सुरू झालं तर 'वयच झालं' म्हणून घरी बसू नका, जाऊन एक्स-रे काढून घ्या. सैल होणं लवकर लक्षात आलं तर हाड शिल्लक असतं, आणि हाड शिल्लक असेल तर दुसरी शस्त्रक्रिया सोपी जाते.

देशाची नोंदवही सक्तीची होईल तेव्हा होईल. तोवर घरची नोंदवही तुमच्या हातातल्या फोनमध्ये सुरू करता येईल. हा एपिसोड ऐकून झाला की आजीला एक फोन करा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!